शिशाचे आप्पे

रेवा कॉलेजला जाणार म्हणून आम्ही गॅरेज आवरायला काढलं. तिच्या जाण्याचा आणि गॅरेजचा खरं तर काही संबंध नाही. पण घरातलं माणूस निघालं की मागे राहणाऱ्यांना काहीतरी उचकटून काढावंसं वाटतं, तसंच झालं असणार. मॉरिसव्हिलमधला ऑगस्ट. सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते, तरी हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती आणि मागच्या पाइनच्या झाडांत किड्यांची किरकिर सुरू झाली होती. वॉटर हीटरच्या मागे रंगाचा एक जुना डबा होता. रेवाने तो ओढून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"बाबा, व्हॉट्स इन धिस? दगड?"

मी काही बोलायच्या आत तिने झाकण काढलं आणि आतला एक तुकडा उचलला. करडा, खालून फुगीर, वरून सपाट, मध्ये किंचित खोलगट.

"ओह माय गॉड, हे आप्प्यांसारखं दिसतंय! बट इट्स सो हेवी."

"ठेव ते. आधी खाली ठेव. आणि जा, साबणाने हात धुऊन ये."

"इट्स जस्ट मेटल, बाबा."

"रेवा, हात धू."

माझा आवाज चढला असावा, कारण ती लगेच आत गेली. मी डब्यापाशी उकिडवा बसलो. पन्नाशी उलटल्यावर उकिडवं बसलं की उठताना विचार करावा लागतो, म्हणून बराच वेळ तसाच बसून राहिलो. ते शिशाचे आप्पे मीच पाडले होते. डबाही मीच तिथे सरकवला होता. सोळा वर्षं मी त्या हीटरच्या दिशेने बघायचं टाळलं होतं.

त्या दोन हिवाळ्यांचा वास मला अजून येतो. तापलेल्या धातूचा, जळत्या मेणाचा, आणि उघड्या दारातून येणाऱ्या पाइनच्या सुकलेल्या काड्यांचा. रॉय आमच्या उजवीकडच्या घरात राहायचा. सत्तरीचा, उंच, जरा पुढे वाकलेला. उभं आयुष्य कापडगिरणीतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेलं. बायको वारलेली, मुलगा टेनेसीत. जुन्या पद्धतीच्या रायफलीने कागदाच्या निशाणावर नेम धरायचा त्याला नाद होता, आणि विकतची गोळी वापरणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आपल्याकडे विकतची चकली ताटात वाढताना काही बायकांचा चेहरा होतो, तसा त्याचा व्हायचा. म्हणून शनिवारी दुपारी गॅरेजचं दार वर करून तो शिसं वितळवायला बसे.

मी तेव्हा पस्तिशीचा. आठ वर्षं व्हिसावर काढल्यावर ग्रीनकार्ड नुकतंच हातात पडलेलं. व्हिसावर असताना बंदूक या शब्दाच्या आसपासही फिरकायचं नाही, यावर ऑफिसातल्या आमच्या पुणे-मुंबई-नागपूर मंडळींचं एकमत होतं. रेवा सहा महिन्यांची होती. दिवसभर मी स्क्रीनसमोर असं काम करायचो, जे संध्याकाळी बोट ठेवून कुणाला दाखवता यायचं नाही. एका शनिवारी रॉयने हाक मारली म्हणून गेलो आणि त्याच्या शिशाच्या भांड्यात डोकावलो. आत आरशासारखं थरथरणारं काहीतरी होतं. रॉयने वरची साय पळीने बाजूला केली, की खालून लख्ख चांदी दिसायची. मग बघता बघता तिच्यावर पिवळी, जांभळी, निळी झाक धरायची. मी हावरटासारखा बघत राहिलो.

"पुढच्या शनिवारी येतोस?" रॉयने विचारलं. त्यानंतर मी एकही शनिवार चुकवला नाही.

टायरच्या दुकानातून आणलेली, चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं वितळवायची. त्यात मेणाचा तुकडा टाकायचा, म्हणजे धूर होऊन सगळी मळी वर येते. ती काढून टाकायची. स्वच्छ शिसं आधी मोठ्या वड्यांत ओतून ठेवायचं, आणि लागेल तसं पुन्हा वितळवून साच्यात घालायचं. साचा गार असला तर गोळीच्या अंगाला सुरकुत्या पडतात. पहिल्या आठ-दहा गोळ्या तशाच निघायच्या, आणि त्या परत भांड्यात जायच्या. रॉय म्हणायचा, "पहिल्या गोळ्यांवर चिडायचं नाही. त्या साच्याला उठवायला असतात." मला आमच्याकडचं पहिलं धिरडं आठवायचं. ते तव्यालाच द्यायचं असतं. मग साचा तापला की लय लागे. ओतायचं, सात आकडे मोजायचे, वरच्या पट्टीवर लाकडी दांडक्याने ठक करून मारायचं, म्हणजे जादाचं शिसं कापलं जातं, आणि साचा उघडायचा. जुन्या टॉवेलावर गोळी पडताना आवाज होत नसे. नुसतं जाणवायचं.

रॉयच्या नेमबाजी क्लबच्या मैदानावर मी दोनदाच गेलो. तो दणका मला सोसला नाही. माझ्या गोळ्या रॉयच उडवायचा आणि सोमवारी भोकं पडलेला कागद आणून दाखवायचा. मला त्या कागदात फारसा रस नव्हता. माझा जीव टॉवेलावरच्या त्या चकचकीत रांगेत होता.

"काय करता तुम्ही दोघं तिथे तासन्‌तास?" मेघनाने एकदा विचारलं.

"गोळ्या पाडतो."

"कसल्या?"

"बंदुकीच्या."

"यार, पुण्यात उंदीर दिसला की तू वॉचमनला बोलवायचास," असं म्हणून माझी बायको बराच वेळ हसत राहिली होती. तेव्हा आमच्या घरात हसू पुष्कळ होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात रॉयने मला एक जादा साचा आणि विजेवरचं जुनं भांडं दिलं, आणि मी माझ्या गॅरेजात संसार मांडला. वड्या पाडायला रॉयकडे कपकेकचा पत्रा होता. माझ्याकडे आप्पेपात्र होतं. लग्नात आईने दिलेलं, बिडाचं, सात खळग्यांचं. मेघनाने नॉनस्टिकचं आणल्यापासून ते एका खोक्यात गंजत पडलं होतं. त्यात शिसं काय सुरेख बसायचं! गार झालं की पात्र उपडं करून वर एक टपली मारायची, की सात आप्पे टपाटप खाली. मी खूश होऊन रॉयला दाखवायला नेले. त्याने एक हातात घेऊन फिरवला, आणि माझ्या हातातल्या पात्राकडे बघितलं.

"हे स्वयंपाकाचं आहे?"

"होतं."

"मग याला लाल रंग लाव. आजच."

त्याच्याकडे शिशाला लागलेल्या प्रत्येक वस्तूवर लाल रंगाचा फराटा असायचा. भांडं, पळी, पत्रा, सगळ्यांवर. शिसं शिवलेलं भांडं परत चुलीवर जात नाही, खाण्याआधी हात धुवायचे, बूट दाराबाहेर काढायचे. हे तो दर शनिवारी न चुकता सांगायचा आणि मी दर शनिवारी मान डोलवायचो. हात मी धुवायचो. बूटही काढायचो. लाल रंगाचा डबासुद्धा त्याने मला दिला. तो मी कोपऱ्यात ठेवला आणि उद्या लावू म्हणालो. माझ्याच तर गॅरेजात आहे, कोण नेतंय?

मार्चमध्ये मिरजेहून आई आली, सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतरची तिची पहिलीच फेरी. दोन बॅगा, त्यातली एक नुसती खाण्याची. स्वतः निवडलेली हळकुंडं दळून केलेली हळद, काळा मसाला, मेतकूट. आणि एका चिमुकल्या डबीत घरी धरलेलं काजळ, नातीच्या डोळ्यांत घालायला. घराला दुसराच वास यायला लागला. सकाळी मेघना आणि मी ऑफिसच्या कॉलवर असायचो आणि स्वयंपाकघरातून आईचं आणि रेवाचं बोलणं ऐकू यायचं. दोघींनाही एकमेकींचं निम्मंच कळायचं, पण अडत कुणाचंच नव्हतं.

आईला रिकामं बसवत नाही. थोड्याच दिवसांत तिने गॅरेज झाडायला काढलं. एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ती दारात येऊन उभी राहिली. हातात ते पात्र होतं.

"अरे, हे असं गंजवत टाकलंयस होय? आणि याला कल्हई लावून घेतलीस का? इथे लावतात कल्हई?"

स्क्रीनवर सहा माणसं होती. माझी बोलायची पाळी येणार होती.

"हं," मी म्हणालो.

बस, एवढंच. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. दोन-तीन खळग्यांत शिशाची चकाकी राहिली होती, आणि साठी ओलांडलेल्या माझ्या आईने, दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून आयुष्यभर भांडी करून घेतलेल्या बाईने, तिला कल्हई म्हणून ओळखलं. मग तिने ते पात्र चिंचेने घासलं, तेल लावून तापवलं, पुन्हा तेल लावलं. आणि रोज सकाळी रेवासाठी आप्पे करायला लागली. आंबवलेल्या पिठाचे, गूळ घालून, वरून साजूक तूप. रेवा दोन्ही हातांत एकेक धरून घरभर हिंडायची. तो वास आठवला की आजही आधी तोंडाला पाणी सुटतं. मग पुढचं सगळं आठवतं.

आप्पे मीही खाल्ले. छान झालेत म्हणालो. ताटात आलेला आप्पा कुठल्या पात्रातला, हे कोण विचारतं?

मेच्या अखेरीस रेवाची दुसऱ्या वाढदिवसाची तपासणी झाली. बोटाला टोचून रक्त घेतलं, रडली, स्टिकर मिळाला. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. रक्तात शिसं सापडलंय, आकडा चांगलाच जास्त आहे, परत तपासू, घाबरू नका. मेघनाने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी ओट्यापाशी उभा होतो, आणि समोर भांड्यांच्या जाळीत धुऊन पालथं घातलेलं ते पात्र दिसत होतं. पहिल्यांदाच मी त्याच्याकडे नीट पाहिलं.

तेव्हाच बोलायचं होतं. मी ते पात्र उचललं, गाडीच्या डिकीत टाकलं आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी घरी आलो तर मेघनाने नेटवर सगळं वाचून काढलं होतं. भारतातून आणलेली हळद. मसाले. काजळ. यादीच होती, आणि यादीतलं सगळं आईच्या बॅगेतून आलेलं. मेघना रडत होती. आई खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती. पात्र कुठे गेलं, हे त्या गोंधळात कुणीच विचारलं नाही.

काउंटीच्या आरोग्य खात्यातून एक बाई आल्या. त्यांनी मसाल्यांचे नमुने घेतले, खेळणी पाहिली, भिंतीचा रंग तपासला. मग समोर बसून प्रश्न विचारले. घरात कुणाला मासेमारीचा, काचकामाचा, गोळ्या ओतायचा असा काही छंद आहे का? मेघनाने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं की मी रॉयकडे जातो. आमच्या गॅरेजातला उद्योग मात्र मी तिला कधी सांगितला नव्हता.

"तो शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये," मी म्हणालो. "आणि आता बंद आहे. घरात काही नाही."

आमचं गॅरेज मी आदल्या दिवशी पाणी मारून धुऊन काढलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर घशापर्यंत खवखवत होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं.

आठवड्याने निकालाचा फोन आला, तो मीच घेतला. हळदीत किंचित सापडलं. एवढ्याने मुलीचा आकडा इतका चढणार नाही, असंही त्या बाई म्हणाल्या. ते वाक्य घरात फक्त मी ऐकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हण पाठ होती. आईने आपणहून सगळे डबे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत उपडे केले. हळद, मसाला, मेतकूट. काजळाची डबी मात्र तिच्या हातून सुटेना, ती मेघनाने घेतली. मेघना तेव्हा वाईट बोलली, असं मी कुणालाच म्हणू देणार नाही. तिचं लेकरू होतं. ती इतकंच म्हणाली, "आई, प्लीज, यापुढे तुम्ही तिला काही देऊ नका." आईने मान हलवली. जुलैतच ती परत गेली. विमानतळावर रेवाने हात पुढे केले, तर आईने तिला लांबूनच टाटा केला.

आकडा हळूहळू उतरला. रेवा बरी झाली, म्हणजे डॉक्टर तसं म्हणाले. पण तिसरीत तिच्या बाईंनी लिहून पाठवलं की वर्गात लक्ष नसतं, तेव्हा मी ती चिठ्ठी घेऊन गाडीत अर्धा तास बसलो होतो. गणितात अडली, किल्ली विसरली, की माझ्या मनात तोच हिशेब सुरू. रॉयला मी कामाचं निमित्त सांगून टाळत राहिलो. त्याला काय समजलं कोण जाणे. पुढे त्याने घर विकलं आणि तो मुलाकडे राहायला गेला. जाताना दारापाशी येऊन हात मिळवला. आता त्या घरात हैदराबादचं एक जोडपं राहतं.

रेवा नऊ वर्षांची असताना आम्ही मिरजेला गेलो. आईने शेजारच्या काकूंना सांगून नातीसाठी डबा ठरवला होता. बाटलीचं पाणी, विकतची बिस्किटं. स्वतः ती रेवाच्या ताटात काही वाढत नसे. रेवाने एकदा तिच्या हातातल्या लाडवाकडे बोट दाखवलं, तेव्हा आईने आधी मेघनाकडे पाहिलं आणि लाडू डब्यात परत ठेवला. मी तिथेच बसून पेपर वाचत होतो. वाचत होतो कसला, धरून बसलो होतो.

आज शनिवार. दहा वाजता आईचा फोन येतो. तिथे संध्याकाळचे साडेसात. रेवा हात धुऊन आली होती, तिनेच घेतला.

"आजी, गेस व्हॉट! आम्हाला ना, गॅरेजमध्ये मेटलचे आप्पे सापडले."

"कसले म्हणतेस?" आई हसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली आहे, हसताना धाप लागते.

"आप्पे! आजी, तू मला कधीच आप्पे का करून दिले नाहीस? माझ्या सगळ्या फ्रेंड्सच्या आज्या त्यांना काय काय करून देतात."



"दिले होते गं बाळा. तू लहान होतीस. माझ्या हातचं तुला सोसलं नाही."

ती हे तक्रारीने म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने ते एखाद्याची जुनी ॲलर्जी सांगावी, तसं सांगितलं. मी रेवाच्या हातातून फोन घेतला आणि तिला म्हणालो, गाडीत ठेवलेली जुन्या सामानाची खोकी दान घेणाऱ्या दुकानात देऊन ये जा. दुकान उघडलं असेल. ती गेली. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा राहिलो.

"आहेस ना रे?" आई म्हणाली.

"आई, ते आप्पेपात्र आठवतंय? गॅरेजमधलं?"

"कल्हई केलेलं?"

"ती कल्हई नव्हती. शिसं होतं. मी त्यात शिसं ओतायचो. रेवाला जे झालं ते त्या पात्राने झालं. मला त्याच दिवशी कळलं होतं, डॉक्टरांचा फोन आला त्या दिवशी. मी पात्र नेऊन टाकून दिलं आणि गप्प बसलो."

इतक्या वर्षांत मी हे मनात शंभरदा बोललो होतो आणि दर वेळी खूप लांबलं होतं. प्रत्यक्षात एका मिनिटात संपलं. फोनमधून तिच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"म्हणजे काजळाने नाही?"

"नाही."

"आणि हळदीने?"

"नाही आई. तुझ्या कशानेच नाही."

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"मी इतकी वर्षं..." ती थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. "पोरीला मांडीवर घ्यायला भ्यायले रे मी. आणि तू बघत बसलास."

मी हो म्हणालो.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ओरडेल असंही. कदाचित माफ करेल, अशीही एक लबाड आशा होती, खोटं कशाला बोलू. तिने यातलं काहीच केलं नाही.

"मेघना घरात आहे?"

"वर आहे."

"तिला सांगितलंयस?"

"नाही."

"मग आत्ता सांग."

"सांगतो आई. मग तुला फोन करतो—"

"फोन ठेवायचा नाही," आई म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. "मी इथे बसलेय. तू तिला सांगताना मला ऐकायचंय."

मी गॅरेजातून आत आलो, जिना चढलो. मेघना रेवाच्या खोलीत पलंगावर बसून तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या हातातला फोन बघून ती हसली.

"आई आहेत का? दे ना, मला विचारायचंच होतं त्यांना," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

मी फोन तिच्या हातात दिला नाही. स्पीकर सुरू करून तो घड्या घातलेल्या कपड्यांवर ठेवला, आणि बोलायला लागलो.